आधी त्यांचं, मग आपलं

बाय,

परवा फोनवर घाईत बोलणं झालं, नीट काही सांगता आलं नाही. आज दुपारी सवड आहे, तर लिहूनच पाठवते. तू म्हणालीस, म्हापशाची नोकरी सोडते, वर्षभर तुयेला घरी बसते, आधी आत्मकथन लिहिते, मग कादंबरी, आणि शेवटी जमलं तर गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या मुलाखतींचं पुस्तक. ऐकून मला फार बरं वाटलं. पेडण्यात गोष्टींना कधी तोटा नव्हता. दशावतार बघत, चवथीला फुगड्या घालत, धालांच्या मांडावर आईच्या मांडीवर झोपत आपण मोठ्या झालो. पण या मुलखातल्या बाईचं जगणं कागदावर आणायला बसणारं कुणी निघत नाही. तू बसतेस म्हणतेस, तर खुशाल बस. दोनच गोष्टींत माझं ऐक. नोकरी सोडू नको, आणि तू ठरवलेला क्रम उलटा कर.

क्रमाचं आधी सांगते, कारण माझा जीव त्यातच आहे.

ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ तू वाचलंयस. पण ते आलं कधी, हे पाहिलंस का? 2003 साली. बाईंचा जन्म 1945 चा. म्हणजे आत्मकथनाचं पुस्तक हातात आलं तेव्हा त्या साठीला टेकत होत्या. त्याआधी 1988 मध्ये ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह आला होता आणि 1989 मध्ये मीनाक्षी मून यांच्याबरोबर लिहिलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’. हे दुसरं पुस्तक तू अजून वाचलेलं नाहीस, ते आधी मिळव. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायांना या दोघींनी शोधून काढलं. कुणी महाडच्या, कुणी नाशिकच्या सत्याग्रहाच्या काळातल्या, कुणी 1942 च्या नागपूरच्या महिला परिषदेच्या, कुणी 1956 च्या धर्मांतराच्या. चळवळीच्या इतिहासात नावं पुरुषांची होती. बाया मोर्च्यांत होत्या, तुरुंगातही गेल्या होत्या, आणि तरी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. या दोघी त्यांच्या दारात गेल्या, बसल्या, विचारलं, लिहून घेतलं.

आता मला सांग, इतक्या जणींचं ऐकलेली बाई स्वतःबद्दल लिहायला बसली की काय होतं? ‘आयदान’ची सुरुवातच बघ. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या गावच्या बाया आधी येतात, त्यांचं चालताचालताचं बोलणं येतं, आणि लेखिका त्यांच्यामधून आपल्याला दिसायला लागते. फणसवळ्याचं घर, वडील लवकर गेल्यावर टोपल्या-सुपं विणून पोरांना शिकवणारी आई, मुंबईतली सरकारी नोकरी, बाईने शिकावं-लिहावं याला घरातून झालेला विरोध, हे सगळं त्यांचं एकटीचं आहे. पण वाचताना एकटीचं वाटत नाही. मला खात्री आहे, आधीच्या पुस्तकासाठी दारोदार जाऊन ऐकलेल्याचा त्यात मोठा वाटा आहे. ज्याने दुसऱ्याचं मन लावून ऐकलंय, त्याला आपल्या दुःखाचं माप नीट कळतं. ते नसलं की सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेल्या आत्मकथनात सासू दुष्ट, बाप कठोर आणि आपण बिचारी, एवढंच उरतं. अशी हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. मुली गुणी असतात, भाषा चांगली असते, पण पानापानावर दुसरं माणूस दिसत नाही.

म्हणून म्हणते, आधी बायांकडे जा. मग कथा लिही. आत्मकथन शेवटी.

याचा अर्थ स्वतःचं लिहूच नको असा नाही हं. रोज लिही. वहीत लिही, आणि वही कपाटात ठेव. बेबीताई कांबळ्यांनी फलटणला छोट्याशा दुकानात बसून ‘जिणं आमुचं’ लिहिलं. माल बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या; गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या; आणि वह्या घरात कुणाच्या हाती लागू नयेत अशा लपवून ठेवायच्या. ते लिखाण कित्येक वर्षं तसंच पडून राहिलं. मॅक्सिन बर्नसन फलटणला राहत होत्या, त्यांना कळलं, त्यांनी आग्रह धरला, ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि 1986 साली पुस्तक झालं. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. शाळा अशी त्यांनी पाहिली नव्हती, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ आयुष्याच्या अगदी शेवटी आली. या बायांना कुणी उशीर झाला म्हणालं नाही. तुलाही म्हणणार नाही.

आपल्या गोव्यातलंच उदाहरण हवं असेल तर राजाराम पैंगीणकरांचं ‘मी कोण?’ वाच. 1969 चं पुस्तक आहे, जुन्या ग्रंथालयात सापडेल. देवळाच्या सेवेला बांधलेल्या कलावंत समाजात जन्मलेला काणकोणचा माणूस. समाजातल्या मुलींना त्या प्रथेतून बाहेर काढण्यासाठी त्याने आयुष्य घालवलं, आणि मग आपल्या जन्माबद्दल, घराबद्दल उघडपणे लिहिलं. आधी काम, मग पुस्तक. त्या पुस्तकातल्या ‘मी’ला लाज वाटत नाही, कारण तोवर तो एकटा राहिलेला नव्हता.

आता तू विचारशील, ताई, पेडण्यात विचारायचं तरी काय? अगो, काय नाही ते सांग. 1788 ला पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलं, पण आपल्या सोयरिकी थोड्याच तुटल्या? बांदा, शिरोडा, सातार्डा, सावंतवाडी, सगळीकडे आपली माणसं. 1955 नंतर सीमा आवळली, भारताने गोव्याची नाकेबंदी केली, आणि परवान्याशिवाय पलीकडे जाणं कठीण झालं. ज्या बाईचं माहेर पलीकडे होतं तिने गोवा मुक्त होईपर्यंतची ती सहा वर्षं कशी काढली? बाळंतपण कुणी केलं? माहेरच्या मरणाची बातमी कशी पोचली? इतिहासाच्या पुस्तकात नाकेबंदी म्हटलं की बटाटे, कापड आणि सिमेंटचं वाचायला मिळतं. तुळशीला प्रदक्षिणा घालताना नदीच्या, डोंगराच्या पलीकडे बघत राहिलेल्या मुलीचं कुठे मिळत नाही.

पात्रादेवी तर आपल्याच तालुक्यात. 15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रही सीमा ओलांडून आले, पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, कर्नेलसिंग बेनिपाल तिथे पडले, सहोद्रादेवी राय जखमी झाल्या. तिथे स्मारक आहे, दरवर्षी हार घालतात, ते घालायलाच हवेत. पण त्या दिवशी आसपासच्या वाड्यांवर चुली पेटल्या का? शेतात गेलेल्या बायांनी काय ऐकलं? घरात कुणाला लपवलं का? हे विचारायला कुणी गेलं असेल तर ते माझ्या वाचनात नाही.

आणखी जवळचं बघ. कामुर्लीच्या फेरीने जाऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा आला तेव्हा भाटकाराच्या दारात उभ्या राहिलेल्या. मोप्याच्या विमानतळासाठी वारखंड, चांदेल, कासारवर्णेकडच्या ज्या घरांची जमीन गेली, काजूची भाटं गेली, त्या घरांतल्या. विमानं 2023 पासून उडतायत. ते काजू गोळा करणाऱ्या हातांचं बोलणं अजून ताजं आहे, चार वर्षांनी राहणार नाही. तुये औद्योगिक वसाहतीत पहिल्यांदा पाळीवर जायला लागलेल्या आपल्याच वयाच्या मुली. म्हातारीच हवी असं कुठे आहे?

आगरवाड्याची मिठागरं तू रोज बसमधून बघतेस. एकदा खाली उतर. एक काकी मला हातातली टोपली बाजूला न ठेवताच सगळं सांगत होती. आधी चिखल तुडवून तुडवून तळ घट्ट करायचा, पायाच्या टाचा फुटेपर्यंत. मग भरतीचं पाणी मानशीतून आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात सरकवत दाट करत आणायचं. उन्हं तापली की मीठ धरतं, ते ओढून बांधावर रास घालायची. टोपल्या वाहायच्या बायांनी. पाऊस एक दिवस आधी आला तर वर्षाचं वजन गेलं. मी तिला विचारलं होतं, “तुम्हाला या कामाबद्दल काय वाटतं?” त्यावर ती गप्प झाली. मग विचारलं, “टोपली किती जड?” त्यावर तासभर बोलली. मुलाखत कशी घ्यायची याचं पुस्तकी ज्ञान मी तुला देत नाही, पण हे ध्यानात ठेव. जीवनाविषयी विचारू नको. वस्तूंविषयी विचार. लग्नात काय काय नेलंस, पहिली मजुरी किती मिळाली आणि ती कुणाच्या हातात दिलीस, घरात पहिला गॅस कधी आला, मुलगी झाली तेव्हा सासरे काय म्हणाले. आणि ती हात चालवत असताना जा. रिकाम्या हाताने बसवलेली बाई पाहुणीसारखी बोलते.

घरातले पुरुष मध्ये उत्तर देतील. “तिला काय कळतंय, मी सांगतो.” त्यांच्याशी भांडू नको. त्यांचंही ऐकून घे, चहा घे, आणि परत ये. दुसऱ्यांदा ते कामावर गेल्यावर जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात आपल्याच वाड्यावर एका काकीच्या खळ्यात बसले होते. भिंडां, म्हणजे कोकमं, फोडायचं काम चाललं होतं. ती साल वेगळी करत होती, रस एका भांड्यात, बिया दुसऱ्यात. वाळलेली सोलं रसात बुडवून पुन्हा उन्हात घालत होती. हात कोपरापर्यंत लाल. बोलता बोलता ती आपल्या मधल्या जावेबद्दल बोलायला लागली, फार जुनी गोष्ट, घराने झाकून ठेवलेली. सांगून झालं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “हें बरोवं नाका.” हे लिहू नको. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं आणि तेवढा भाग तिच्यासमोर पुसला. ती गोष्ट मी कुठेच लिहिलेली नाही, कथेतसुद्धा नाही.

कथेतसुद्धा का नाही, हे तू नक्की विचारणार. तुझा समज असा की नाव बदललं, गाव बदललं की मोकळीक मिळते. मुंबईत मिळत असेल. तुयेत नाही. इथे मधली जाऊ म्हटलं, घरासमोर फणस म्हटलं, की फेरीवर बसलेल्या पोरालासुद्धा घर कळतं. नाव बदलल्याने गोष्ट आपली होत नाही. सांगणाऱ्याने दिली तरच ती आपली.

म्हणून तीन वेळा विचारायचं. ऐकायच्या आधी, लिहून झाल्यावर, आणि छापायच्या आधी. लिहिलेलं तिला तिच्या बोलीत वाचून दाखवायचं, सगळं. ती काढ म्हणाली तर काढायचं. नाव हवं की नको हे तिला विचारायचं. पुष्कळ जणींना हवं असतं, बरं का. आपणच भिडेखातर परस्पर “एका वृद्धेने सांगितल्याप्रमाणे” असं लिहून टाकतो. मला ते आवडत नाही. लोकसाहित्याची जुनी पुस्तकं काढून बघ, ओव्या आहेत, गाणारीचं नाव नाही. त्याच्या उलट हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी पुण्याकडच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखभर. आता तो खजिना पारी म्हणजे ग्रामीण भारताच्या संग्रहाने जपला आहे, आणि तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव येतं. हा साधा न्याय आहे. धालो गाणाऱ्या आपल्या बायांना तो अजून मिळायचा आहे, आणि तो तू देऊ शकतेस.

रेकॉर्डिंगची एक प्रत त्या घरी दे. नातवाच्या मोबाइलमध्ये घालून दे, त्याला म्हातारीचा आवाज राहील. दुसरी प्रत नीट संस्थेत ठेवायची सोय बघ. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था 1988 पासून फक्त बायांचे आवाज, फोटो, पत्रं जपण्याचं काम करते. अंबई या नावाने लिहिणाऱ्या सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ती उभी केली. त्यांचं काम एकदा जाऊन बघ. पणजीत पाट्यावरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातही विचार. विरनोड्याच्या सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयातल्या मुलांना बरोबर घे, त्यांच्या आज्या याच वाड्यांवर आहेत. एकटीने हे काम होत नाही आणि होऊही नये.

मग कथा-कादंबरी कशासाठी, असं वाटेल तुला. मी सांगते कशासाठी. पुंडलीक नायकांची ‘अच्छेव’ ही कोंकणी कादंबरी 1977 ची. खाण आली आणि एक गाव आतून कसं पोखरलं गेलं, शेत कसं गेलं, घरातली माणसं कशी बदलली, हे तिच्यात आहे. डिचोलीच्या शिरगाव-मुळगावात जाऊन तू शंभर मुलाखती घेतल्यास तरी ते सगळं एका जागी मिळणार नाही; कुणी पगाराचं बोलेल, कुणी धुळीचं, कुणी आटलेल्या विहिरीचं, आणि 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर उभ्या राहिलेल्या ट्रकच्या हप्त्यांचं. ज्याने गाव विकायला मदत केली तो तर तुझ्याशी बोलणारच नाही. कादंबरीत त्याच्याही मनात शिरावं लागतं. मुलाखतीत तुला तो हक्क नाही, आत्मकथनात तेवढी जागा नाही. तिथे कथा लागते. पण ती झाकायला म्हणून लिहू नको. एखाद्या घराची अब्रू राखायची असेल तर गप्प बस. कथा लिहायची असेल तर माणूस मुळापासून नवा घडव, त्याचं घर, धंदा, बोलणं, चूक, सगळं. पुष्कळ बायांचं ऐकल्यावर असा माणूस आपोआप उभा राहायला लागतो. तू आज बसलीस तर तुझ्या सगळ्या नायिका तुझ्यासारख्याच होतील.

घरच्यांबद्दल लिहायची वेळ आली की मला फोन कर, त्यावर पत्रात बोलता येणार नाही. एवढंच सांगते, आई आहे तोवर तिच्याबद्दल लिहिलेलं तिला वाचून दाखवायची तयारी ठेव. परक्या काकीला जो मान देतेस तो आईला नाही, असं होऊ नये. आणि नवरा-सासरचं राहू दे, ते पिकायला वेळ लागतो.

आता नोकरी. ऊर्मिला पवारांनी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, बेबीताईंनी दुकान चालवलं. मराठीत लिहून घर चालतं असं मला तरी कुणी भेटलेलं नाही. दिवाळी अंकाचं मानधन आलं तर एखादं पातळ येतं. पुस्तक काढायला कुणी तुझ्याकडेच पैसे मागितले तर आधी छापील कागद माग, किती प्रती, किती वाटा, हक्क कुणाकडे, आणि सही करायच्या आधी मला दाखव. कला आणि संस्कृती संचालनालयाकडे अर्थसाहाय्याची चौकशी कर, लाजू नको. पण पगार असू दे. पगार असला की म्हातारीची गोष्ट घाईने विकावी लागत नाही, तिच्यासाठी वर्षभर थांबता येतं, ती नाही म्हणाली तर सोडून देता येते. तुझ्या नोकरीचा पहिला फायदा तुला नाही, तिला आहे.

वेळ कुठून आणू म्हणशील. शनिवार-रविवार दोन्ही नको, एक रविवार पुरे. संध्याकाळी ऐकलेलं त्याच रात्री उतरवून काढ, तिच्याच शब्दांत, आपलं मराठी त्यावर चढवू नको. बोली तशीच राहू दे. सावंतवाडीचा वाचक समजेल, पुण्याचाही समजेल. त्यांनी ‘आयदान’ समजून घेतलंच की.

आता भात कापून झालंय. शिगमो येईपर्यंत बाया त्यातल्या त्यात मोकळ्या असतात. मग काजू, मग भिंडां, मग पाऊस. नंतर कुणाला तुझ्याकडे बघायलाही सवड होणार नाही. पात्रादेवीला गोळीबार झाला तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीला पोचली आहे. अशा दोघी-तिघी आपल्या तुयेत आहेत, मी घरं सांगते. या रविवारी पहिल्या घरी जा.

तुझी,
ताई